रांजणावरचा उलटा मोजा

"पाकला मी तोंडावर सांगून आले," सभागृहाच्या खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर फतकल मारत बोकनिमबाई म्हणाल्या, "म्हटलं, तुमचा टेम्पो आता आमच्या दारात आणू नका! आमच्याकडे आता सेऊल आहे. अख्खं!"

कोरियाची ती अख्खी राजधानी त्यांच्या हातातल्या फोनमध्ये होती. तालुक्याच्या गावी प्रशिक्षण घेऊन आल्यापासून महिला सहकारी संस्थेच्या या अध्यक्षीणबाई फोन असा धरायच्या, जणू आत्ताच अंड्यातून पिल्लू बाहेर पडलंय. पाक म्हणजे या डोंगरातला एकमेव दलाल. वर्षानुवर्षं तो बायकांचं द्वेनजांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं ते खारं, काळपट वाटण, नाक मुरडत उचलायचा. आता ऑनलाइन दुकान निघालं होतं आणि बरण्यांची पहिली खेप सेऊलला रवाना झाली होती.

"आणि नाही चाललं दुकान तर?" मालसुनने विचारलं. तिला दुसऱ्याच्या आनंदात खडा टाकल्याशिवाय जेवण पचत नसे.

"तर मी स्वतः पाकला फोन लावून माफी मागेन!" बोकनिमबाई म्हणाल्या. तसं होणारच नव्हतं, त्यामुळे म्हणायला काही हरकत नव्हती.

तेवढ्यात फोन टणकन वाजला.

पहिलं गिऱ्हाईक! पहिला अभिप्राय! बोकनिमबाईंनी चष्मा चढवला, वाचलं आणि त्यांचा चेहरा उकडलेल्या मुळ्यासारखा पांढरा पडला. फोटोत खोक्यात बरणी होती. तिच्याशेजारी कोळशाचा तुकडा, दोऱ्याने बांधलेल्या दोन सुक्या लाल मिरच्या आणि पांढऱ्या कागदाचं कापलेलं एक पाऊल. खाली लिहिलं होतं: "मी एकटी राहते. हे मला कोणी पाठवलं? का पाठवलं?"

फोन पुन्हा वाजला. "आमच्याकडेही पाऊल आलंय! कुणाचं आहे?" पुन्हा वाजला. "आई ते घेऊन देवऋषिणीकडे गेली. देवऋषीण म्हणाली, आधी ते घराबाहेर काढा, मग बोलू."

"हे पाकचं काम!" बोकनिमबाई म्हणाल्या. "त्यानेच पोस्टात माणूस फोडला असणार!"

"पाकला कागद सरळ कापता येत नाही," मालसुन फोटो निरखत म्हणाली. "हे काम सफाईचं आहे."

कोपऱ्यात दोकसिम आजी वाटाणे सोलत होत्या. वयाने गावात सगळ्यांत मोठ्या, पार्सलची खोकी बांधायचं काम त्यांच्याकडे.

"मीच ठेवलं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आजी! का पण?"

"का म्हणजे? पाऊल नाही ते, मोजा आहे. रांजणाला उलटा मोजा चिकटवल्याशिवाय तू कधी द्वेनजांग घातलंस? तुझ्या सासूने घातलं? वाईट काही आलं तर त्या मोज्यात शिरतं, रांजणाला शिवत नाही. आणि हे बिचारं पहिल्यांदाच घर सोडून चाललं होतं. एवढा प्रवास, परक्या गाडीत, परक्या सामानाबरोबर! लेकीला अशी मोकळ्या हाताने पाठवशील का तू?"

अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांच्या अंगणातल्या एकूण एक रांजणाच्या पोटावर, बोटं आकाशाकडे केलेला कागदी मोजा होताच.

संध्याकाळी ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीचा निरोप आला. तक्रारी वाढल्यामुळे उद्या सकाळी अधिकारी येऊन पाहणी करतील, समाधान झालं नाही तर दुकान बंद. बोकनिमबाईंना डोळ्यांपुढे पाकचा टेम्पो दिसू लागला. टेम्पो हसत होता.

"थेट प्रक्षेपण करू," त्या म्हणाल्या. "प्रशिक्षणात सांगितलंय, गिऱ्हाईक बिथरलं की समोर जायचं आणि शास्त्रीय बोलायचं."

फोन वाटाण्यांच्या टोपलीला टेकवून ठेवला. बघता बघता शेकडो लोक जमले. घामाघूम झालेल्या बोकनिमबाईंनी सुरुवात मात्र झकास केली. "नमस्कार! घाबरण्यासारखं काही नाही. पांढऱ्या कागदावरून उजेड परततो आणि किडे लांब राहतात. कोळसा वास शोषून घेतो. ही आमची जुनी, शास्त्रीय पद्धत आहे!"

पडद्यावर हसरे चेहरे उमटू लागले. "असं होय!" "किती छान!" मालसुननेसुद्धा नाइलाजाने मान डोलावली.

इतक्यात कुणीतरी लिहिलं: "मी तर माझा मोजा कचऱ्यात टाकला, हा हा!"

बोकनिमबाईंनी ते मोठ्याने वाचलं. चूक झाली ती इथे.

"टाकला?" दोकसिम आजींचा सुरकुतलेला चेहरा अख्खा पडदा व्यापून पुढे आला. "भरलेला मोजा टाकला? अगं बाई!"

आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

सेऊलमध्ये हाहाकार उडाला. "भरलेला म्हणजे?" "कशाने भरलेला?" "आजी, बोला ना!" "मी कालच टाकला, आता काय करू?" "कचऱ्याची गाडी गेली हो!"

"आजी, काहीतरी बोला!" बोकनिमबाई कुजबुजल्या.

"काय बोलू?" आजी डोळे पुसत म्हणाल्या. "चांगली मुलगी वाटत होती गं."

बोकनिमबाईंनी फोन टोपलीखाली कोंबला आणि वर स्वतः बसल्या.

सकाळी उजाडताच त्या सगळ्या बायकांना घेऊन आपल्या अंगणात उभ्या राहिल्या. "अधिकारी यायच्या आत सगळे मोजे काढायचे! पुरावाच नको!"

कुणी हललं नाही.

"मालसुन, काढ ना."

"मी? माझी सून बाळंत व्हायचीय! तुम्ही अध्यक्ष, तुम्ही काढा."

बोकनिमबाई तावातावाने पहिल्या रांजणापाशी गेल्या आणि त्यांनी कागदाचा कोपरा चिमटीत धरला. हा रांजण सासूचा. सासू जिवंतपणीच कुणाला भीत नव्हती, आता तर विचारायलाच नको. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आठवलं, उजेडाचं शास्त्र आठवलं. चिमटी सुटली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चिकटलाय फार."

फाटकाशी गाडी थांबली. काळ्या कोटातला तरुण उतरला. तो रांजणांच्या रांगेतून गंभीर चेहऱ्याने फिरला, एकेका उलट्या मोज्याचा फोटो काढला. सगळ्या बायका मालसुनच्या मागे लपल्या होत्या आणि मालसुन आजींच्या मागे.

"हे कुणी कापले?" त्याने विचारलं.

"मी," आजी म्हणाल्या. "जुन्या कॅलेंडरांचे आहेत. काही म्हणणं आहे?"

"दुकान बंद होणार नाही," तो म्हणाला. "बंद केलं तर लोक आमच्या ऑफिसात घुसतील. रात्रीपासून मागण्या येतायत. ज्यांनी मोजे टाकले त्यांना नवे हवेत, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनाही हवेत." मग इकडे तिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मला एक आत्ताच मिळेल का? घाट उतरायचाय."

त्या दिवसापासून सभागृहात कात्र्यांचा कचकचाट सुरू झाला. गावातली कॅलेंडरं संपली, शाळेतली आणली. सेऊलच्या दारांवर, गाड्यांवर, परीक्षेच्या दप्तरांत आजींचे मोजे जाऊन बसले. बोकनिमबाई फोनवर मागण्या बघत दिवसभर फुशारत होत्या. आठवड्याभराने त्यांच्या लक्षात आलं, त्यात द्वेनजांगची मागणी एकही नव्हती.

रांजण काठोकाठ भरलेले होते.

"फोन लावा," मालसुन म्हणाली. किती गोड आवाजात!

बोकनिमबाईंनी परसात जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून फोन लावला.

"मला वाटलंच होतं," पाक म्हणाला. "सेऊल संपलं वाटतं?"

"माफ करा," बोकनिमबाई दातांतून म्हणाल्या. "द्वेनजांग न्यायचंय का?"

"नेतो. पण एक अट आहे."

बोकनिमबाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा भाव पाडणार. पाडणारच!

"त्या आजींचा एक मोजा टेम्पोला लावून द्यायचा," पाकचा आवाज एकदम बारीक झाला. "उलटाच हं. त्या रात्री बायकोने ते प्रक्षेपण दाखवलं, तेव्हापासून अंधारात गाडी काढवत नाही."

बोकनिमबाईंनी पदर नव्हता म्हणून स्वेटरच सावरला.

"मोजा ऑनलाइन मिळेल," त्या म्हणाल्या. "नंबर लावा. पुढे पुष्कळ लोक आहेत!"