वणवा गँबिट आणि सीमेवरचं तळं

बाळांनो, एका जंगलात मोबाइलची रेंज यायची. तुमच्या घरात मागच्या खोलीत येत नाही, पण तिथे यायची. हसू नका, गोष्ट अजून सुरू व्हायची आहे.

रेंज आल्यापासून तिथले प्राणी चारा, शिकार वगैरे कामं घाईघाईने उरकायचे आणि ऑनलाइन बुद्धिबळ खेळत बसायचे. त्यांतलाच एक सर्जेराव मुंगूस. नाव भारदस्त, खेळ बेताचा. रोज हरायचा आणि रेंजला शिव्या द्यायचा.

मग एके दिवशी त्याला एका व्हिडिओत वणवा गँबिट सापडलं.

गँबिट म्हणजे काय? सुरुवातीलाच आपलं काहीतरी मुद्दाम देऊन टाकायचं आणि त्या बदल्यात हल्ला मिळवायचा. वणवा गँबिटमध्ये चौथ्या चालीला अख्खा घोडा द्यायचा आणि एक प्यादं घ्यायचं. हा सौदा तोट्याचा आहे हे शेळीच्या करडालाही कळेल. पण समोरच्याला वाटायचं, हा एवढा घोडा फुकट देतोय म्हणजे याच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. त्याची पाचावर धारण बसायची. डाव तीन मिनिटांचा. तो विचार करत राहायचा आणि त्याचं घड्याळ संपायचं.

सर्जेराव जिंकायला लागला. रेटिंग चढलं. पोपट त्याचे डाव थेट दाखवू लागला आणि मधेमधे ओरडू लागला, “दिला! घोडा दिला!” ससे, माकडं, एक अस्वलसुद्धा सर्जेरावाला “सर” म्हणायला लागलं. अस्वलाने सर म्हटल्यावर कुणाची छाती फुगणार नाही?

आता या जंगलाच्या सीमेवर एक तळं होतं. त्यावरून पल्याडच्या जंगलाशी जुनं भांडण होतं. म्हणून दर उन्हाळ्याआधी दोन्ही जंगलांत बुद्धिबळाचा एक डाव व्हायचा. दोघांना एक-एक तास. आपण हरलो तर तळं पल्याडचं. जिंकलो किंवा नुसती बरोबरी झाली, तरी तळं आपलंच.

नऊ वर्षं हा डाव धोंडूआप्पा साळिंदर खेळत होता. नऊही वर्षं त्याने बरोबरी केली. प्यादी एकमेकांना टेकवायचा आणि काटे मिटून बसून राहायचा. बघणारे झोपून जायचे. उठले की तळ्यावर जाऊन पाणी प्यायचे.

यंदा मात्र प्राणी म्हणाले, “पुरे झालं आप्पांचं! काय तो कंटाळा! सरांना पाठवा.”

मोबाइलवर मतदान झालं. आप्पाला दोन मतं पडली. एक त्याचं स्वतःचं, दुसरं सर्जेरावाच्या आईचं.

आप्पा सर्जेरावाकडे आला. म्हणाला, “पोरा, तीन मिनिटांत घाबरणारा तासाभरात सावरतो. त्यातून समोर भैरू गवा आहे. तो रवंथ करत खेळतो.”

“आप्पा, तुमचा काळ वेगळा होता,” सर्जेराव म्हणाला.

आप्पाने काटे मिटले आणि तो निघून गेला.

सर्जेरावाची आई तळ्याच्या अगदी काठावर बिळात राहायची. म्हातारी, मागचा एक पाय अधू. दुसरं पाणी होतं तीन कोसांवर, मधे डोंगर. ती म्हणाली, “सर्ज्या, तुझं ते घोडंबिडं मला नाही कळत. पाणी राहू दे म्हणजे झालं.”

“आई, निर्धास्त राहा गं.”

बाळांनो, हे तो अगदी मनापासून बोलला. त्याचा आईवर फार जीव होता.

डाव सुरू झाला. तळ्याच्या या काठावर सर्जेराव, त्या काठावर भैरू गवा, दोघांच्या पुढ्यात मोबाइल. चौदा हजार प्राणी बघत होते. चौथी चाल आली आणि पोपट किंचाळला, “दिला! घोडा दिला!”

गव्याने घोडा घेतला. मग तो घाबरला. हो, गवासुद्धा घाबरतो. चाळीस मिनिटं त्याने रवंथ केला, पाचदा शेपटी हलवली, आणि शेवटी, तळं नाही मिळालं तरी चालेल पण सगळ्यांसमोर हरायला नको म्हणून, सर्जेरावाच्या मोबाइलवर निरोप पाठवला, “बरोबरी करू या का?”

एक बटण दाबलं की तळं वाचत होतं. जवळच बिळाच्या तोंडाशी आई बसलेली दिसत होती. त्याला दाबायचं होतं, अगदी शपथेवर सांगतो, दाबायचं होतं.

पण पडद्यावर खाली भराभर ओळी यायला लागल्या. “सर, बरोबरी?” “सर आता आप्पा झाले!” “मी झोपायला जातो.” ही शेवटची ओळ अस्वलाची होती. ती सर्जेरावाला फार लागली.

त्याने “नको” दाबलं. चौदा हजार प्राण्यांनी जल्लोष केला.

बरोबरी मिळत नाही म्हटल्यावर गव्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. त्याने पहिल्यांदाच नीट पटाकडे पाहिलं आणि सोंगट्या मोजल्या. आपल्याकडे एक घोडा जास्त आहे हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने वजिराला वजीर मारला, हत्तीला हत्ती मारला, आणि एकतिसाव्या चालीला त्या जास्तीच्या घोड्यानेच मात दिली.

सर्जेराव डोळे मिटून बसला. आता आपल्याला सोलणार, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पोपट ओरडला, “हरला! पण काय हरला!”

“असं हरायलाही काळीज लागतं,” अस्वल म्हणालं. दुसऱ्या दिवशी सर्जेरावाचा क्लास सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात चाळीस विद्यार्थी आले. उन्हाळाभर प्राणी डोंगर ओलांडून तीन कोस पाण्याला जायचे आणि वाटेत घोडा कधी द्यावा यावर भांडायचे. धोंडूआप्पा म्हणाला, “अरे, बरोबरी घेतली असती तर...” तर सगळे म्हणाले, “आप्पा, तुम्ही फार नकारात्मक बोलता.”

आणि आई? तिला डोंगर चढवेना. गवा तिला म्हणाला, “आजी, तू आहेस तिथेच राहा. मात्र इथून पुढे तू आमच्या जंगलाची.” आई बरं म्हणाली. तहानेपुढे ती दुसरं काय म्हणणार?

एका दुपारी सर्जेराव तिला भेटायला गेला. नव्या सीमेच्या अलीकडे उभा राहिला. घशाला कोरड पडली होती.

“आई, घोटभर पाणी देतेस?”

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “थांब हं बाळा, गव्याला विचारून येते.”

गवा रवंथ करत होता. तासभर लागला.

तात्पर्य : मुलांनो, बरोबरी कधीही घेऊ नये. बरोबरी घेणाऱ्याचं नुसतं तळं राहतं, त्याचा क्लास निघत नाही.