हनीफचाचांसाठी खास टेबल

अल्लीपूरच्या चंद्रभान यांच्या मुलीचं, आकांक्षाचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला आणि जेवणाला हनीफचाचा येणार, ही बाब विचारार्थ पुढे आली. हनीफचाचा म्हणजे गावातले पंप दुरुस्त करणारे मिस्त्री, चंद्रभानचे बालमित्र. त्या घरचा वरण-भात ते लहानपणापासून खात आले होते. मात्र आजवर तो विनातपासणी खाल्ला गेला, हे आकांक्षाच्या भावाच्या, अंकुशच्या लक्षात आलं. त्यानं मोबाइलवर अन्नघटक हलाल आहेत का ते तपासायचं ॲप घेतलं.

"चाचाच्या पोटात आपल्या घरी चुकीचं काही गेलं तं?" तो म्हणाला. भावना चांगली होती. म्हणून तर सगळं बिघडलं.

निवृत्त मंडळ अधिकारी प्रभाकरराव यांच्या अध्यक्षतेखाली तातडीनं समिती नेमण्यात आली.

"चाचालेच विचारा ना," आकांक्षा म्हणाली. "मले काही नाई, ते पोटभर जेवले पाह्यजे."

"पोरी, लाभार्थ्याले विचारून निर्णय घेत नसतेत," प्रभाकररावांनी समजावलं. "गैरसमज होते."

तपासणी कसून झाली. आइस्क्रीममधला एक घटक वनस्पतीचा की प्राण्याच्या चरबीचा, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं, बाद. बुंदीच्या इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं, बाद. हिंगाच्या डबीवरचा छाप पुसला गेला होता, म्हणून वरण रोखलं. भात निर्दोष ठरला, पण तो वरणाच्याच पळीनं वाढला जाण्याची शक्यता लक्षात घेऊन त्यालाही स्थगिती मिळाली.

"मंग ह्या चरबीवाल्या आइस्क्रीमचं काय करू?" आचारी नत्थूनं विचारलं.

"शाकाहारी पंगतीत वाढ," प्रभाकरराव म्हणाले. "तिथं कोणी तपासत नाई."

साक्षगंधाच्या दिवशी चाचांना सन्मानानं वेगळ्या टेबलाशी नेलं. झेंडूच्या माळा, वर फलक: 'हलाल भोजन व्यवस्था'. ताटात एक केळं होतं, तेही सालीसकट. सोलणाऱ्याच्या हाताची चौकशी व्हायची होती.

"चंदू, थोडं वरण दे ना बापा," चाचा म्हणाले. "पाहुण्याइले पाणी पुरलं पाह्यजे म्हून सकाळपासून तुह्याच पंपाजवळ होतो. भूक लागून राह्यली."

चंद्रभाननं वरणाची पळी उचलली. अंकुशनं बापाचा हात धरला.

"बाबा, त्यायच्याच भल्यासाठी आहे."

पंगतीतली माणसं वरण-भात कालवत राहिली. चाचांनी केळं खिशात टाकलं, आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी जाऊन काहीतरी खातो म्हणाले. उठण्याआधी त्यांना फोटोसाठी तेवढं थांबवून घेतलं.

फलक, माळा आणि मधोमध कसंनुसं हसणारे चाचा. 'याला म्हणतात सलोखा' असं लिहून तो फोटो जिल्हाभर फिरला. तुमच्याही ग्रुपवर आलाच. तुम्ही हात जोडलेत, भरल्या डोळ्यांचा चेहरा टाकलात आणि चार ठिकाणी पुढे पाठवलात. ताट तेवढं मोठं करून पाहिलं नाहीत.