पागनीस काकांचं विमान

मे महिन्यात, इंदूरची कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखालून बाहेर यायला राजी नसतात अशा दिवसांत, तुकोगंजमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून एक माणूस लोकरीचा कोट घालून खाली उतरतो. वॉचमन कोटाबद्दल काही विचारत नाही. फक्त फाटक उघडतो आणि म्हणतो, "काकाजी, आज फिर बेंगलोर?"

हे आमचे शेजारी, दिलीप पागनीस. वीज मंडळातून रिटायर झालेले. उंच, सडपातळ, नाकावर घसरलेला चष्मा. कोट मात्र त्यांच्या दुप्पट जाडीच्या माणसाचा वाटतो, कारण त्यात सामान असतं. स्वस्तातल्या विमान कंपन्या हातातली बॅग तोलतात, अंगातला कोट तोलत नाहीत, हा काकांचा शोध. कृष्णपुऱ्याच्या एका टेलरकडून त्यांनी त्या कोटाला आतून खिसे शिवून घेतलेत. डाव्या बाजूला चार्जर, गोळ्या, दाढीचं सामान. उजव्या बाजूला शेव, सुपाऱ्या आणि एखादी छोटी पकडसुद्धा, जी हमखास जप्त होते. पाठीच्या खिशात टॉवेल. "टॉवेल पाठीला असला की सीट नरम लागते," हेही त्यांनीच मला सांगितलं.

त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या पागेत अधिकारी होते. त्या पागेचं आता काही उरलं नाही, आडनाव तेवढं उरलं. पण विमान लेट झालं की काकांना पणजोबा आठवतात. "अरे, घोडे बरे! घोडा ऑपरेशनल रीझन सांगत नाही. दाणा खाल्ला की निघाला." बिल्डिंगमधल्या मुलांनी हे इतक्यांदा ऐकलंय की लिफ्ट बंद पडली तरी ती ओरडतात, "घोडे बरे!"

काका महिन्यातून एकदा, कधी दोनदा बंगळुरूला जातात. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी पहाटेच्या विमानाने परत. कशाला जाता, असं विचारलं की उत्तर तयार असतं. मुलाच्या, म्हणजे नचिकेतच्या घरचा गीझर बघायचाय. पडद्याचा रॉड लावायचाय. बाल्कनीच्या नळाचा वॉशर गेलाय. "तिकडचे प्लंबर भोत परेशान करतात, भिया," म्हणायचे. एक वॉशर बदलायला हा माणूस विमानाने जातो, याचं आम्हाला सुरुवातीला नवल वाटायचं. मग सवय झाली.

त्यांच्या पत्नी, शुभा काकू, तिकडेच असतात. नात झाली तेव्हा थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या. सुनेची रजा संपली, पाळणाघर काही पसंत पडलं नाही, आणि नात मीरा आता शाळेत जायला लागली तरी काकू तिकडेच आहेत. काका इकडे, कारण त्यांची आई, माई, अंथरुणाला खिळल्या आहेत आणि दिलीपशिवाय कुणाच्या हातून जेवत नाहीत. काका जातात त्या शनिवारी दिवसरात्रीची बाई येते आणि माझी आई मधूनमधून डोकावते. तेवढ्यापुरत्या माई रुसून का होईना, आईच्या हातचा भात खातात.

गेल्या मे महिन्यात मला कॉलेजच्या कामासाठी बंगळुरूला जायचं होतं. तिकीट नेमकं काकांच्याच विमानाचं निघालं. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझी बॅग माझ्यासमोरच उघडून पुन्हा भरली. "अनू, तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ. माझ्या मागे मागे चालायचं, बस."

चालले. चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, "सर, पसंतीची सीट घ्यायची असेल तर चार्ज लागेल."

"आणि नाही घेतली तर उभं राहून जायचं का?"

"नाही सर, मग सिस्टिम देईल ती."

सिस्टिमने मधली दिली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "नेहमीचंच आहे. मध्य प्रदेशचा माणूस म्हणून मध्ये बसवतात."

सिक्युरिटीला तो कोट मशीनमध्ये गेला आणि पडद्यासमोर पेंगुळलेला जवान खुर्चीत ताठ बसला. एकेक खिसा रिकामा होऊ लागला. ट्रेवर ट्रे भरले. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "अंकल, दुकान लगाओगे क्या?" शेवटी कोटाच्या पोटातून कैरीच्या लोणच्याची बाटली निघाली.

"सर, ये नहीं जाएगा. लिक्विड है."

"लिक्विड? चम्मच खडा रहता है इसमें!"

"सर, तेल है."

"तेल तो मेरे बालों में भी है!"

जवानाने काकांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे तेल लावण्याजोगं फारसं काही नव्हतं. त्याला हसू आलं, पण बाटली त्याने बाजूला ठेवली ती ठेवलीच. काका बराच वेळ त्या बाटलीकडे वळून बघत होते. "माईंनी सांगून सांगून घालून घेतलं होतं. मीठ किती, मोहरी किती, सगळं पलंगावरून," एवढंच म्हणाले. एरवी त्यांनी पाऊण तास तरी वाद घातला असता, पण विमानाची वेळ झाली होती.

म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. गेटवर पोचलो तर बोर्डवर विमान दोन तास लेट. मग साडेतीन तास. मग नुसतंच लेट.

पहिला तास काका मजेत होते. हा त्यांच्या हक्काचा प्रांत. खिशातली शेव काढून आजूबाजूच्यांना वाटली, स्टॉलवरच्या पोह्यांची किंमत दुरून वाचून आले आणि "त्यात हिरे घालतात का बघून या कुणीतरी" असं जाहीर केलं. मला त्यांनी आपला सिद्धांत सांगितला. "बघ, जाताना विमान लेट. येताना कधीच नाही. रविवारचं पहाटेचं विमान उलट चार मिनिटं आधी सुटतं. इंदूरला आणून टाकायची यांना भोत घाई."

दुसऱ्या तासाला ते काउंटरवर गेले. तिथे टाय लावलेला एक पोरगेला कर्मचारी होता.

"भिया, कारण काय?"

"सर, ऑपरेशनल रीझन."

"ऑपरेशन कोणाचं आहे? पेशंट कसा आहे?"

मागचे लोक हसले. त्यांना नेता मिळाला. मग पाण्याच्या बाटल्या मागण्यात आल्या, त्या मिळाल्या. नाश्ता मागण्यात आला, तोही एका खोक्यातून आला. काकांनी आधी एका बाळाच्या आईला, मग म्हाताऱ्यांना, मग इतरांना अशी रांग लावली आणि मध्ये घुसणाऱ्या एका जाड्या गृहस्थाला "भिया, विमान अजून आलं नाही, तुम्ही कुठे निघालात?" म्हणून मागे पाठवलं. तो टायवाला मुलगा तर काकांना विचारूनच घोषणा करायला लागला.

दुपार झाली. त्याने नवी घोषणा केली. विमान चार वाजता सुटेल, ज्यांना जायचं नसेल त्यांना पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या दिवसाचं तिकीट. लोक भराभर काउंटरकडे धावले. काका बसूनच राहिले.

मी मनातल्या मनात हिशेब केला. चारला सुटलं तर पोचायला संध्याकाळ. नचिकेतचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथवरचा ट्रॅफिक. आणि पहाटेच्या विमानासाठी काकांना पुन्हा मध्यरात्रीच निघावं लागणार.

"काका, काही अर्थ नाही यात," मी म्हटलं. "पैसे परत घ्या ना. पुढच्या शनिवारी जा. गीझर काय, नचिकेत करून घेईल."

"गीझर शुभाने मंगळवारीच करून घेतला," काका म्हणाले.

ते समोरच्या काचेतून रिकाम्या धावपट्टीकडे बघत होते.

"पुढच्या शनिवारी बाई नाही. त्याच्या पुढच्याला नचिकेत आणि सून फिरायला चाललेत, मीराला हिच्याजवळ ठेवून. मग मी गेलो तरी ही तिच्याच मागे." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसला. "लग्नाला चाळीस वर्षं होत आली, अनू. नोकरीत माझ्या बदल्या झाल्या, झाबुआ म्हणू नको, मंदसौर म्हणू नको, ही प्रत्येक ठिकाणी सोबत आली. आणि आता रिटायर झाल्यावर आम्ही दोन गावांत. गलती कोणाचीच नाही. माईंना सोडता येत नाही, मीराला सोडता येत नाही. आता भांडायचं तरी कोणाशी?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून खांबाआड गेले, पण त्यांचा आवाज वीज मंडळातला, खांबाने अडणारा नव्हे. "हां शुभा... चारला म्हणतात... नाही गं, येतोय... तू कशाला येतेस एवढ्या लांब? ...बरं. बरं, ये."

विमान चारच्याही नंतर सुटलं. काका मधल्या सीटवर बसले आणि सबंध प्रवासात एका शब्दाने कुरकुरले नाहीत. विमान टेकल्यावर सगळे उभे राहून बॅगा ओढू लागले की ते म्हणे नेहमी ओरडतात, "बैठ जाओ भिया, दरवाजा नहीं खुला!" आज तेच सगळ्यांत आधी उभे होते.

बाहेर आलो. गर्दीत, नावांच्या पाट्या धरलेल्या ड्रायव्हरांच्या मागे, शुभा काकू उभ्या होत्या. विमानतळाच्या बसने एकट्या आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, केसांत गजरा.

"आलात?"

"आलो."

"माई जेवल्या?"

"अनूच्या आईने भरवलं. फोन केला होता मी."

बस, एवढंच. मी म्हटलं, "चला, माझी टॅक्सी आहे, तुम्हाला जमेल तिथवर सोडते."

काकूंनी काकांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "नको गं अनू. घरी गेलं की मीरा यांना सोडत नाही, मग नचिकेतचं काही निघतं, आणि हे उठून निघूनही जातात. आम्ही इथेच बसतो जरा. मी थालीपिठं आणलीत. मग जाऊ सावकाश."

बाहेरच्या एका बाकावर दोघं बसले. काकूंनी पिशवीतून डबा काढला. काकांनी कोट उतरवून बाकावर ठेवला, आणि मग सुरू झाले. "अगं, काय सांगू तुला! पहिले तर ती सीटवाली. मग तो लोणच्याचा किस्सा..."

माझी टॅक्सी आली. सामान ठेवून मी मागे पाहिलं तर काका उभे राहून टायवाल्या मुलाची नक्कल करत होते, एका हातात थालीपीठ, दुसऱ्या हाताने खोटा माईक धरलेला. येणारे-जाणारे वळून बघत होते. काकू तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. आमच्या मजल्यावर ते हसणं ऐकून फार दिवस झाले होते.