नमुन्याची गादी

"हे बघ वहिनी, मालकासमोर गेलीस की पहिलं वाक्य महत्त्वाचं. तिथंच माणूस तरतो नाहीतर बुडतो," नणंद म्हणाली, आणि वहिनीच्या कडेवरच्या ठमीने हात लांबवून तिच्या कानातलं खस्सकन ओढलं.

"आई गं! सोड, सोड बाई! आणि हो, हिला अजिबात बरोबर न्यायचं नाही."

नणंद एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या काउंटरवर उभी राहायची, त्यामुळे नोकरी या विषयात घरात तिचाच शब्द शेवटचा. गर्दीच्या वेळी जायचं नाही, गिऱ्हाईक असल्याचं नाटक करत घुटमळायचं नाही, थेट मालकाला गाठायचं. आणि "काही काम आहे का हो?" असं तर मेलं तरी विचारायचं नाही.

"मग काय म्हणायचं?"

"म्हणायचं, 'नमस्कार. तुमच्या काचेवरची पाटी वाचून आले. दुपारची वेळ मी सांभाळू शकेन.' बास. डोळ्यांत बघून. हसून. पण फार हसून नाही."

ती पाटी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गाद्यांच्या दुकानाची. 'दुपारसाठी मदतनीस पाहिजे.' बाबागाडी ढकलत तिच्यासमोरून जाताना ठमीच्या आईने ती इतक्यांदा वाचली होती की काच नसती तर अक्षरं झिजली असती. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर, वेळ दुपारची, आणि नेमक्या त्याच वेळात शेजारच्या काकू ठमीला सांभाळायला राजी. कुलपात किल्ली बसावी तसं सगळं बसत होतं. पगार तर हवाच होता, पण त्याहून तिला हवं होतं ते म्हणजे कुणाशी तरी पूर्ण वाक्यात बोलणं. ठमी झाल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य 'अले अले' ने सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

नवऱ्याने रंगीत तालीम घेतली. तो जेवणाच्या टेबलापलीकडे मालक होऊन बसला आणि भुवया उंचावून म्हणाला, "अनुभव?"

"कसला?"

"गाद्यांचा. झोपेचा."

"झोप न मिळण्याचा आहे. भरपूर."

"आम्ही तुम्हाला कळवू," असं म्हणून नवरा उठला, आणि ती खरोखरच दुखावली.

कारण अनुभव खराच होता. ठमीला झोपेचं वावडं होतं. मांडीवर नाही, पाळण्यात नाही, बाबागाडीत नाही. अंगाईने तर तिला जास्तच तरतरी यायची. डोळे जरा मिटले म्हणून अलगद खाली ठेवावं, तर पाठ टेकताक्षणी हे एवढाले टक्क उघडे, आणि वर 'फसवलंत ना?' अशी नजर. आईबाप दोघंही भिंतीला धरून चालायच्या बेताला आले होते.

जायचं ठरलं त्या दुपारी ठमीची आई धुतलेली ओढणी, विंचरलेले केस आणि तोंडपाठ वाक्य अशा जय्यत तयारीत काकूंच्या दाराशी गेली. दाराला कुलूप. फोन लावला तर काकू दातांच्या डॉक्टरांकडे, आणि तोंडात एवढा कापूस की 'उद्या ये' म्हणतायत की 'उशीर होईल' म्हणतायत तेही कळेना. उद्यावर टाकावं, तर सकाळीच एक चुणचुणीत मुलगी पाटीसमोर उभी राहून वाचताना तिने पाहिली होती. आता काय करणार? पहिला नियम तिथेच मोडला. ठमीला कडेवर मारून ती निघाली.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. मालक मात्र होते. त्यांना सगळी गल्ली 'भोंगा' म्हणायची. उभी हयात त्यांनी उघड्या बाजारात ओरडून माल विकला होता. डोक्यावर छप्पर आलं, काच आली, पंखे आले, पण आवाज बाजारातच राहिला होता.

"या या या!" भोंगा कडाडला. "काय दाखवू? कापूस? फोम? स्प्रिंग?"

ठमीने ओठ काढला. मग तोंड उघडलं. मग असा काही टाहो फोडला की मालकांनाही क्षणभर आपल्याला तोडीस तोड कुणी भेटल्यासारखं वाटलं. पिशवीतला खुळखुळा काढायला दोन्ही हात हवे होते, म्हणून ठमीच्या आईने तिला घाईघाईने जवळच्या नमुन्याच्या गादीवर टेकवलं आणि पिशवीत डोकं घातलं.

खुळखुळा सापडेपर्यंत रडणं थांबलं होतं. तिने दचकून पाहिलं. ठमी उताणी पडून छताच्या पंख्याकडे पाहत होती. एक जांभई आली. डोळे मिटले. एक हात उशीवर, एक पाय 'कृपया गादीवर बसू नये' या पाटीवर, आणि ठमाबाई गाढ.

ठमीच्या आईचा विश्वासच बसेना. तिने नाकाजवळ बोट धरून श्वास पाहिला. चालू होता.

"अहो बाई, त्या गादीवर..." मालकांनी आवाज चढवला.

"शू!" ठमीची आई म्हणाली.

आणि तेच पहिलं वाक्य ठरलं.

मालकांना उभ्या जन्मात कुणी गप्प केलं नव्हतं. ते आ वासून उभे राहिले. तेवढ्यात ठमीची पापणी हलली आणि ठमीची आई कुजबुजली, "पंखा हळू करा ना जरा. खडखडतोय."

मालकांनी पंखा हळू केला.

"आणि ते दार."

मालकांनी दार लोटलं.

"चपला वाजतायत हो तुमच्या."

मालकांनी चपला काढल्या आणि त्या कुठे ठेवाव्यात ते न सुचून हातातच धरल्या. गिऱ्हाईकाला कधी नाही म्हणायचं नाही हा त्यांचा धंद्याचा नियम होता. इकडे ठमीच्या आईला पेच पडला. ठमीला उचलावं तर ती जागी होणार, न उचलावं तर पाठ केलेलं वाक्य कसं म्हणणार? नोकरी मागायला आलेली बाई मालकाला अनवाणी उभं करून नमस्कार कसा घालणार? ती 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडणार इतक्यात दार हळूच किलकिलं झालं.

एक म्हातारं जोडपं उशीचा अभ्रा घ्यायला आलं होतं. मालकांनी सवयीने छाती भरून घेतली आणि दोन्ही बाजूंनी दोन "शू!" आले, एक ठमीच्या आईचा आणि एक आजींचा.

"किती छान झोपलंय हो पोर," आजी पुटपुटल्या. "अशी झोप आम्हाला कित्येक वर्षांत नाही. यांची कंबर, माझी पाठ."

"कुशीवर झोपता की पाठीवर?" ठमीच्या आईच्या तोंडून निघून गेलं.

"पाठीवरच. कुशीवर वळले की खांदा धरतो."

"मग फार मऊ नको. शरीर रुततं आणि उठताना कंबर भरते. हिच्यासारखी घ्या, आतून घट्ट आणि वरून मायाळू." हे सगळं तिला बाळंतपणानंतर स्वतःच्या पाठीने शिकवलं होतं.

आजोबांनी गादी बोटाने दाबून पाहिली. "हीच द्या."

"अगदी अशीच आत आहे, नवी कोरी," मालक कुजबुजले. कुजबुजताना त्यांचा आवाज चक्क गोड होता. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि ते चमकले.

"नवी नको, हीच. हिची परीक्षा झालेली आहे. पोर उठलं की पाठवा, आम्हाला घाई नाही."

जोडपं खुर्च्यांवर बसून वाट पाहू लागलं. बाहेरून काचेतून पाहणाऱ्यांना दिसलं ते असं: अनवाणी भोंगा, हातात चपला, तोंडातून आवाज नाही. असलं दृश्य त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. काय झालं काय म्हणून एकेक जण आत डोकावू लागला, आणि जो तो चपला काढून मांजराच्या पावलांनी आत येऊ लागला. फोन वाजला, तर मालकांनी त्यावर उशी टाकली आणि उशीवर ते स्वतः बसले. माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवलेला दिसताच ते तसेच उठून अनवाणी धावत सुटले. एका बाईंनी दोन उशा घेतल्या, एका गृहस्थांनी भावासाठी गादी सांगून ठेवली. ठमीची आई गादीच्या कडेला गुडघ्यावर बसून, एक हात ठमीच्या पोटावर ठेवून, सगळ्यांना हळू आवाजात उत्तरं देत होती. पूर्ण वाक्यांत. तिला किती बरं वाटत होतं म्हणून सांगावं!

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून अत्तराच्या घमघमाटासकट नणंद आत आली.

"काय गं वहिनी, बोललीस का मालकांशी नोकरीचं?"

"शू!" अख्खं दुकान म्हणालं.

ठमीने कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागली. पण मालकांचे कान टवकारले होते. ते चपला हातात धरून जवळ आले.

"नोकरीचं? म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नाही?"

ठमीच्या आईने घाईघाईने ओढणी सारखी केली. "नाही. ते मी... नमस्कार. काचेवरची पाटी वाचून..."

"मला पंखा हळू करायला लावलात."

"हो."

"चपला काढायला लावल्यात. माझ्याच दुकानात."

"हो," ती आणखी हळू म्हणाली. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

मालकांनी दुकानभर नजर फिरवली. आजींचा डोळा लागला होता. आजोबा भावासाठी गादी घेणाऱ्या गृहस्थांना कंबरेची कथा सांगत होते. कुणी पळून गेलं नव्हतं. नेहमी 'या या या' नंतर अर्धी गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच परत फिरायची.

"उद्यापासून या," मालक कुजबुजले. "दुपारी. आणि ह्यांना घेऊनच या." त्यांनी गादीकडे बोट केलं. "खरं तर नोकरी ह्यांना दिलीय. तुम्ही सोबत."

ठमीच्या आईचा जीव भांड्यात पडला. घरी नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "आम्ही तुम्हाला कळवू म्हणाला होतात ना? आम्हीच कळवतोय."

पण ठमाबाईंनी त्या एका दुपारी जणू सगळी थकबाकी वसूल करून घेतली होती. त्या रात्री त्या ताज्यातवान्या होत्या. त्यांनी खुळखुळा वाजवला, बाबांच्या नाकाशी खेळल्या, आणि उजाडेपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी नोकरीचा पहिला दिवस. ठमी नव्या नमुन्याच्या गादीवर ठेवली, तर टक्क जागी. मालकांनी मांडीवर घेतली, तर मोजपट्टी तोंडात घालून खिदळायला लागली. तेवढ्यात एक बाई आल्या. "कुशीवर झोपलं की खांद्याला कशी लागते हो ही?"

"दाखवते ना," ठमीची आई उत्साहाने म्हणाली आणि गादीवर कुशीवर झाली. "हे बघा, खांदा असा आत जातो, मान अशी सरळ राहते, आणि..."

पुढचं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळकडे कलताना नणंद वहिनीचा पहिला दिवस कसा गेला ते पाहायला आली. दुकान भरलेलं, दारात चपलांची रांग, मालक कडेवर ठमीला घेऊन अनवाणी गिऱ्हाइकांत फिरतायत.

"वहिनी कुठंय?" तिने विचारलं.

"शू!" मालक ओठांवर बोट ठेवून म्हणाले, आणि गादीकडे मोठ्या अभिमानाने पाहत कुजबुजले, "आमच्या बाई कामावर आहेत."