टायरवाल्याचा हॉल आणि चार टक्के

टक्केकाकांनी जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि आठ संघांचा तक्ता पसरला. बास्केटबॉलबद्दल त्यांना आठवड्यापूर्वीपर्यंत एवढंच ठाऊक होतं, की त्या टोपलीला बूड नसतं. पण विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या मरण्याची, पाय मोडण्याची आणि गोदामं जळण्याची शक्यता काढणाऱ्या माणसाला खेळ कळण्याची गरजच काय? मरूनही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

प्रश्न मुलीच्या लग्नाचा होता. मुलगी जहाजावर इंजिनियर. महिनाअखेरीस जहाज सुटलं की नऊ महिने पाण्यावर. होणारा जावई व्यावसायिक बास्केटबॉलपटू, म्हणजे खेळण्याचा पगार घेणारा. त्यातही राखीव, म्हणजे बसण्याचा पगार घेणारा. त्याचा संघ 'गेंडे' रडतखडत, शेवटचा का होईना, प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत पोचला होता आणि संघ बाहेर पडेपर्यंत करारानुसार कुणालाही रजा नव्हती. अंतिम सामना आणि जहाज यांच्यामध्ये दोनच दिवस उरत होते, आणि त्या दोन दिवसांत शहरातला एकही हॉल रिकामा नव्हता.

"पहिल्या फेरीत गेंड्यांची गाठ 'चित्ते' संघाशी," काका तक्त्यावर पेन्सिल फिरवत म्हणाले. "चित्ते यंदा पहिल्या नंबरवर. तीनातले दोन सामने जिंकायचे. गेंड्यांची शक्यता चार टक्के. म्हणजे सतरा तारखेला गेंडे घरी, वीस तारखेला लग्न."

"आणि जावईबापू खेळले तर?" बायकोने विचारलं.

"तो कशाला खेळेल?" काकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. तक्त्यात जावयाची ओळच नव्हती.

"छान. उभं आयुष्य परक्यांच्या मरणाचे टक्के काढलेत, आता घरच्यांचे काढा," बायको म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

काका दुसऱ्या दिवशी बागेजवळच्या हॉलवर गेले. हॉल झकास होता. फक्त वीस तारीख सकाळीच कुणीतरी नेली होती. मग उरला टायरच्या दुकानावरचा हॉल. तिथे जिन्यापासून व्यासपीठापर्यंत नव्या रबराचा वास होता. "पाहुण्यांना सवय होते," हॉलवाला म्हणाला. काकांनी पैसे भरले आणि तारीख बदलणार नाही ना, या प्रश्नाला सविस्तर, टक्केवारीसह उत्तर दिलं. जवळच्या चार नातेवाइकांनाही 'कुणाला बोलू नका' असं बजावून वीस तारखेची तिकिटं काढायला सांगितलं. नातेवाइकांनी ते इमानेइतबारे केलं, म्हणजे तिकिटं काढली.

भानगड झाली ती विहीणबाई आल्या तेव्हा. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. गेंड्यांचा राखाडी मफलर त्या उन्हाळ्यातही गळ्यातून काढत नसत. "लग्न अंतिम सामन्यानंतरच," त्या बजावत होत्या. "आमचा मुलगा चषक घेऊनच मांडवात येईल." तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकांना फोन कानाला लावायची सवय नव्हती. ते तो टेबलावर ठेवून सगळ्या घराला ऐकवत.

"साहेब, टायरवाल्याच्या हॉलवरून बोलतोय. वीस तारीख पक्की ना? म्हणजे तुमचा तो गेंड्यांचा संघ नक्की हरतोय ना?"

आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला, तोही जरा उशिराच.

"व्याहीबुवा," विहीणबाई शाळा भरल्याच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलाला पहिल्याच फेरीत घरी बसवलंत?"

"घरी नाही हो, लग्नाला उभं केलंय!"

"ज्या घरात जावयाची किंमत शून्य, त्या घरात माझा मुलगा द्यायचा की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

दारामागे उभ्या असलेल्या मुलीचं तोंड पांढरं पडलेलं काकांनी पाहिलं. आजवर त्यांनी अनेकांचे दावे फेटाळले होते. स्वतःच्या मुलीचं लग्न फेटाळलं जाण्याची शक्यता मात्र त्यांनी कधी काढलीच नव्हती. ते घाईघाईने म्हणाले, "अहो, तो जुना तक्ता! नव्या हिशेबाने गेंडेच विजेते!"

"मग लिहा. दोन्ही घरांच्या ग्रुपवर."

काकांनी लिहिलं. 'सर्व बाबींचा अभ्यास करता गेंडे संघ अजिंक्य ठरण्याची शक्यता सत्तर टक्के.' काकांचा हिशेब आयुष्यात चुकला नव्हता, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. त्यामुळे चारही नातेवाइकांनी त्याच संध्याकाळी वीस तारखेची तिकिटं रद्द केली आणि तसं ग्रुपवर अंगठ्यासह कळवलं. आता हॉल होता, तारीख होती, पाहुणे नव्हते. रबराचा वास सहन करायचीही कुणावर वेळ येणार नव्हती.

शिक्षा एवढ्यावर संपली नाही. तिन्ही सामन्यांना काकांनी राखाडी मफलर घालून विहीणबाईंच्या शेजारी बसायचं ठरलं. पहिला सामना गेंडे सणसणीत हरले. काकांनी चेहरा पाडला. आत मात्र गारगार वाटत होतं. दुसरा गेंड्यांनी जिंकला. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि रात्रभर कूस बदलली.

तिसऱ्या सामन्यात गेंड्यांचा कप्तान पाचवा फाउल करून नियमाप्रमाणे बाहेर गेला. मग त्यांच्या सगळ्यांत उंच खेळाडूचा घोटा मुरगळला. प्रशिक्षकाने बाकाकडे पाहिलं. बाकावर जावई होता. अख्खा मोसम बाक तापवल्यावर तो उठला, तेव्हा त्याला जर्सीवरचं जाकीट काढायचंही सुचेना.

"कशाला घेतला त्याला!" काका ओरडले. विहीणबाईंनी वळून पाहिलं. "म्हणजे, इतक्या उशिरा कशाला!" काकांनी सावरून घेतलं.

जावयाने पहिला चेंडू प्रेक्षकांत फेकला. दुसरा टोपलीत गेला, बहुधा त्याच्याही नकळत. शेवटी गुण बरोबरीत, घड्याळात एक सेकंद, आणि जावयाला धक्का बसल्याने मिळालेला फ्री थ्रो, म्हणजे विनाअडथळा फेक. चुकला तर जादा वेळ, आणि जादा वेळेत दमलेले गेंडे टिकणं कठीण, हे आता काकांनाही कळत होतं. चुकला तर वीस तारखेचं लग्न. गेला तर नऊ महिने समुद्र.

खालच्या रांगेत मुलगी मफलरचं टोक चावत होती. तो पोरगा मात्र, बिचारा, टोपलीकडे न बघता तिच्याकडे बघत होता. काकांना आयुष्यात प्रथमच टक्के सुचेनात. आपण केव्हा खुर्चीवर उभे राहिलो आणि "टाक रे राजा!" असं गळा फाडून कोण ओरडतंय, हेही त्यांना कळलं नाही.

चेंडू गेला. बूड नसलेल्या टोपलीतून काकांचा हॉल, तारीख आणि पैसे सगळंच खाली पडलं, आणि काका मात्र डोळे पुसत नाचत होते.

मुलगी धावत येऊन गळ्यात पडली. "बाबा, रडू नका. परवा सकाळी त्यांना सराव नाही. आम्ही लग्नाच्या नोंदणीचा अर्ज कधीचाच देऊन ठेवलाय."

"कधीचा म्हणजे?"

"तुम्ही तक्ता पसरलात ना, त्याच्याही आधी." एवढं बोलून ती मैदानाकडे पळाली.

गर्दी खाली उतरली. वरच्या रांगेत दोनच मफलर उरले. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर, मुलगा जिंकलेल्या आईच्या मानाने, फारच चिंता दिसत होती.

"काय हो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा तो टायरवाला आगाऊ पैसे परत देतो का?"

"छे. का?"

"बागेजवळचासुद्धा देत नाही म्हणे."

काकांना त्या हॉलची सकाळीच गेलेली वीस तारीख आठवली. विहीणबाईंनी मफलर सारखा केला, मग तो पुन्हा सारखा केला. काका जरा सरकून बसले आणि मृदू आवाजात, एका जाणकाराने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती धरले होते?"

"तीन टक्के," विहीणबाई खाली बघून म्हणाल्या.

काकांनी छाती पुढे काढली.

"मी चार धरले होते," ते म्हणाले.