टॅब दाबला की टुंग

आईला यापुढे एका हाकेचाही त्रास होणार नाही, अशी व्यवस्था मी एका सकाळी करून टाकली.

बाबा गेल्यापासून पितळी पाट्या कोरण्याचं दुकान मी बघत होते. मागच्या दारापलीकडे आमचं स्वयंपाकघर. बाबा कोरायच्या मशीनला कॉम्प्युटरवरून हुकूम टाइप करून द्यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाची जुनी पाटी त्याच्या नावाने त्यात साठवलेली. गिऱ्हाइकाचं नाव अर्धं लिहून कीबोर्डवरचा टॅब दाबला की उरलेलं कॉम्प्युटर भरतो. दोन नावं जुळली तर मात्र तो अडतो आणि 'टुंग' करतो. टुंग झालं की आई आतून विचारायची, "कोण अडलंय?"

"डॉक्टर."

"दातांचे की गुरांचे?"

"दातांचे."

"मग पुढे 'दा' लिहा की. माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

मधे अख्खी भिंत होती.

आता माझ्या टुंगला ती ओले हात पुसत दारात यायची. मला ते बघवेना. मी सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या. टॅब दाबला की अडायचं नाही, वाजायचं नाही, जुळणारं पहिलं नाव भरून मोकळं व्हायचं. स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. संध्याकाळी नव्या दवाखान्याचं उद्घाटन, पाटी जुन्यासारखीच हवी. मी 'डॉ' लिहिलं, टॅब, एंटर. मशीन घरघरलं. पाटी वाचून बघायची गरजच वाटली नाही. गुंडाळून रवाना केली.

संध्याकाळी पुन्हा फोन. डॉक्टरांचा आवाज भूल दिल्यासारखा शांत होता.

"ताई, पाटी लावली. सगळ्यांसमोर पडदाही बाजूला केला."

"वा."

"तिच्यावर लिहिलंय, जनावर बाहेर खांबाला बांधून मगच आत यावे. सासरे पायरीवर उभे आहेत. विचारतायत, त्यांना कोण बांधणार."

यादीत गुरांचा 'ग' दातांच्या 'द'च्या आधी येतो. मशीनने सांगितलं तेच केलं होतं.

आई दारात उभी होती. "टुंग कसं नाही झालं?"

"मीच बंद केलं. तुला सारखं उठायला लागू नये म्हणून."

ती स्टुलावर टेकली. "सकाळपासून कान लावून बसलेय. म्हटलं, हिला सगळं जमायला लागलं. आता मी कशाला हवी?" भाजी संपली आहे, हे सांगावं तसं तिने हे सांगितलं.

मी दोन्ही ओळी काढल्या. नवी पाटी तिने स्वतः वाचली, गुंडाळली, आणि मी धावत नेऊन दिली. परत आले तर ती अजून तिथेच.

"एकच नाव जुळलं तर?"

"मग वाजत नाही. गप भरतं."

"तेव्हाही वाजव."

शंका नसताना घंटी वाजवायची सोय कुणी कशाला करून ठेवेल? मला ती बसून लिहावी लागली.

"आणि जरा मोठ्याने," आई म्हणाली. "नळ चालू असला की ऐकू येत नाही."

तेही केलं. हल्ली शेजारचा शिंपी विचारतो, तुमचं मशीन दिवसभर बिघडलेलं असतं का.

मी म्हणते, जुनं आहे हो.