ओलं मानपत्र

"छापील मानपत्र? अहो, छापील तर पाण्याचं बिलही असतं!"

दौतरावांनी हे वाक्य टाकलं आणि पाणीपुरवठा कार्यालयातली सगळी टेबलं गप्प झाली. दौतराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण ज्या माणसाच्या खिशात फाउंटन पेन, पिशवीत शाईची दौत आणि बोटांवर बारा महिने निळे डाग, त्याला दुसरं काय म्हणणार? घरचं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच सुखात होतं.

मोठे साहेब निवृत्त व्हायचे होते. संगणकावर बसणाऱ्या तरतरीत बटणरावाने मानपत्राचा नमुना तयारही केला होता. चार कोपऱ्यांत चार गुलाब, मधोमध साहेबांचा फोटो आणि वरून प्लॅस्टिक. म्हणजे पाण्यात बुडवलं तरी साहेब कोरडे! पण खुद्द साहेबांनीच जाता जाता म्हटलं, "मला बाकी काही नको. दौतरावांच्या हातच्या चार ओळी मिळाल्या तर घरी भिंतीवर लावीन."

झालं! दौतरावांची छाती एवढी फुगली, की शर्टाचं दुसरं बटण उडून हिशेबनीस बाईंच्या टेबलावर पडलं. उगाच नाही फुगली. इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्यांच्याकडे स्टेपलर मागितलं होतं, छत्री मागितली होती, रजेच्या अर्जावर सही मागितली होती. अक्षर कुणी मागितलं नव्हतं. आणि साहेब गेले, की मागणारं कुणी उरणारही नव्हतं. तेव्हा जे काही करून दाखवायचं, ते या एका कागदावर!

"पेन माझं, शाई माझी," दौतराव म्हणाले, "आणि कागद असा आणीन की बघत राहाल! लेखन म्हणजे निम्मा कागद असतो, बाई."

"आणि निम्मं?" हिशेबनीस बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"निम्मं मी!"

कागदवाल्याच्या दुकानात दौतराव शिरले आणि दुकानदाराने आधी स्टूल पुढे केलं, मग स्वतःला बसायला दुसरं ओढलं. दौतराव कागद नुसता बघून घेत नसत. ते तो उजेडासमोर धरत, कानाशी फडफडवत, वास घेत आणि शेवटी कोपऱ्याला जीभ लावत.

"अहो, पोटात जाईल!"

"तुम्हाला नाही कळायचं. जिभेचा ओलावा कागदाने प्यायला, तर तो शाईही पिणार. शाई प्यायला की अक्षराला मिशा फुटणार. मला मिशीवालं मानपत्र द्यायचं नाही."

पांढरा झाला, पिवळसर झाला, खरखरीत झाला, जाड झाला. काउंटरवर चाटलेल्या कागदांची रास लागली. शेवटी दुकानदाराने तळच्या खणातून एक मोठा, सायीसारखा ताव काढला. दौतरावांनी जीभ लावली. ओलावा जसाच्या तसा वर! थेंब ऐटीत बसून राहिला, जावई बसतो तसा.

"हाच!"

"एकच उरलाय बरं का. कुणी नेतच नाही. गुळगुळीत फार. लोक म्हणतात यावर लिहिलं की ते..."

"लोकांना काय कळतं! बांधा!"

खरं सांगतो, दुकानदाराला वाक्य पुरं करू दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही आपल्या कामाला लागला असता.

तो कागद किती गुळगुळीत होता म्हणाल, तर त्याच्यावर माशी बसली आणि घसरत पलीकडच्या कडेवरून खाली गेली. मी पाहिलेलं नाही. पण दौतराव शपथेवर सांगतात, आणि माशी नाही म्हणायला येत नाही.

घरी येताच दौतरावांनी फर्मान काढलं. "याला कुणी बोट लावायचं नाही! हाताचं तेल कागदाला लागलं की तिथे शाई धरत नाही."

"मी काय दिवसभर हात तेलाच्या डब्यात बुडवून बसते?" बायको म्हणाली.

"सगळ्यांचेच हात तेलकट असतात गं. शास्त्र आहे ते."

"मग ते शास्त्र कपाटावर ठेवा. जेवायच्या टेबलावर नको."

समारंभाच्या दिवशी दौतरावांनी कागद फळीवर आडवा घालून, वर धुतलेली चादर पांघरून कार्यालयात आणला. रस्त्यात दोघांनी टोप्या काढून बाजूला होत वाट दिली. जुन्या फायलींच्या खोलीत त्यांनी टेबल पुसलं, खिडकी लावली, सर्वांत रुंद निबाचं पेन काढलं, त्यात पक्की काळी शाई भरली आणि उजव्या हातात नवाकोरा पायमोजा चढवला. पुढून कापलेला, म्हणजे बोटं बाहेर आणि तळहात आत.

हिशेबनीस बाई दारातून डोकावल्या. "दौतराव, आता बूट कुठे घालणार?"

"बाई, दार!"

दार लागलं. निब टेकलं. आणि काय सांगू! अक्षर असं उमटलं की जणू शाईच कागदावर उभी राहिली. रेघ ठळक, वळण गोल, काळा रंग तर इतका तकाकणारा की दौतरावांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि तोही नेहमीपेक्षा बरा. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत "कार्यकुशल" लिहायला घेतलं. "कार्य" उमटलं. "कुशल" नाही! निब फिरलं, पण मागे नुसती ओली वाट आणि इकडेतिकडे काळे ठिपके.

दौतरावांनी कागदाशी गाल टेकवून तिरकं पाहिलं. अंगठा! स्वच्छ, गोल, भरघोस अंगठ्याचा ठसा!

"बाई!!"

"मी फक्त पोत बघितला हो," बाई आत आल्या. "मघाशी तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा."

"मी जाडी बघितली," मागून बटणराव म्हणाला.

दौतरावांनी घरी फोन लावला. "तू हात लावलास?"

"मी कशाला लावू? नुसती धूळ झटकली!"

"कशाने?"

"हाताने! दुसरं कशाने झटकतात?"

म्हणजे सगळ्या जगाने त्या कागदाला शेकहँड करून झाला होता. दुसरा ताव दुकानात नव्हता. पाचला समारंभ. दौतरावांच्या कपाळावर घाम आला आणि तो कागदावर पडेल या भीतीने ते मान मागे टाकून छताकडे बघत बसले.

"पावडर," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तेल आहे ना? मग पावडर लावा. आम्ही नाकाला काय लावतो?" त्यांनी पर्समधून डबी काढली. दौतरावांनी कापसाने पावडर हलकेच चोळली, फुंकली, श्वास रोखून निब टेकवलं. "कुशल" उमटलं! आता मानपत्राला गुलाबाचा वास येत होता, पण साहेब कार्यकुशल झाले होते. पुढच्या ओळी दौतरावांनी अशा काढल्या की शेवटची सही करताना त्यांचेच डोळे भरून आले. त्यांनी ते लगेच बाहीने पुसले. कागदाजवळ पाणी नको!

"झालं! आता वाळू दे."

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. दौतरावांची नव्हे, आपली.

बराच वेळ गेला. दौतरावांनी पायमोज्याची कड शेवटच्या अक्षराला लावली. मोजा काळा! पुन्हा वाट पाहिली. पुन्हा काळा! कागद शाई पीत नाही, याचं एवढं कौतुक केलं होतं; तर कागद खरोखरच शाई पीत नव्हता. थेंबभरसुद्धा नाही! शाई वर आरामात पडून होती, जिथली तिथे, ओलीच्या ओली.

"टीपकागद दाबा की," बाई म्हणाल्या.

"टीपकागद? मग तकाकी काय उरली? राखेने लिहिल्यासारखं दिसेल!"

"पंखा लावू?" बटणरावाने बटण दाबलंच. दुसरं त्याला येतं काय! वाऱ्याबरोबर तिसऱ्या ओळीचा पूर्णविराम जागचा हलला आणि पुढच्या वाक्याच्या दिशेने निघाला.

"बंद! बंद कर!"

पूर्णविराम थांबला. तिघेही थांबले. मग तिघांनी कागदाभोवती बसून हळूहळू फुंकर घालायला सुरुवात केली. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणाला चटका बसलाय.

"माझं तयार आहे हं," बटणराव फुंकरीच्या मध्येच म्हणाला. "प्लॅस्टिकसकट."

दौतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेली फुंकर गिळली.

तेवढ्यात सभागृहातून ध्वनिक्षेपक बोलला. "दौतरावांनी मानपत्र घेऊन यावं!"

आता काय? दौतरावांनी मनात योजना आखली. फळीवर आडवंच न्यायचं, आडवंच दाखवायचं, साहेबांनी डोळ्यांनी वाचायचं, आणि पुन्हा आडवंच टेबलावर ठेवायचं. उद्यापर्यंत वाळेल. नाही तर परवा. ते निघाले. पाऊल असं टाकत होते, जसं डोक्यावर भरलेला हंडा आहे आणि समोर सासू उभी आहे.

"बघू, बघू!" व्हरांड्यात कुणीतरी पुढे आलं.

"जवळ येऊ नका!" दौतराव ओरडले. "श्वाससुद्धा तिकडे सोडा!"

सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर मोठे साहेब पांढऱ्या शुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, हातरुमाल घेऊन बसल्या होत्या. दौतरावांनी फळी पुढे धरली. साहेब वाकले, वाचू लागले. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीतलं "कार्यकुशल" त्यांनी दोनदा वाचलं. आणि शेवटच्या ओळीला त्यांनी कडेला धरून कागद उचललाच!

"साहेब, आडवं धरा, आडवं!" दौतराव कळवळून म्हणाले. समोर माइक होता, तेव्हा ते सगळ्या सभागृहाने ऐकलं.

"दौतराव," साहेब गहिवरले, "या अक्षरापुढे मी स्वतः आडवा व्हायला तयार आहे!"

टाळ्या!

"तसं नव्हे हो, साहेब, ते अजून..."

"काही बोलू नका. उद्या हे भिंतीवर लागेल. पण आज याची जागा इथे आहे. इथे!" आणि साहेबांनी मानपत्र दोन्ही हातांनी छातीशी घट्ट, अगदी घट्ट कवटाळलं.

दौतरावांनी डोळे मिटले. टाळ्या वाजत राहिल्या. मग पुढच्या रांगेपासून मागे मागे एकेक करून थांबत गेल्या. दौतरावांनी एक डोळा उघडला.

साहेबांनी कागद छातीपासून सोलून काढला होता. शर्टावर, खिशापासून पोटापर्यंत, संपूर्ण मानपत्र उमटलं होतं. उलटं. सहीसकट. हिशेबनीस बाईंनी पावडरच्या डबीतला आरसा काढला, व्यासपीठाकडे पाठ करून त्यात पाहिलं आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "कार्यकुशल छान आलंय."

वहिनी उठून आल्या. "कालच घेतलाय हा शर्ट. निघेल ना हो हे?"

आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण शाईचा विषय निघाला आणि दौतराव गप्प बसले, असं कधी झालंय का?

"छे! वहिनी, पक्की शाई आहे! कपडा विरेल, पण अक्षर हलायचं नाही!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेने ती शाई तरी वाळायला हरकत नव्हती.

साहेब मात्र हातातल्या कागदाकडे बघत होते. त्यावर आता नुसता काळा ढग होता. "दौतराव," ते लहान मुलासारखे म्हणाले, "मग मी भिंतीवर काय लावू?"

मागे बटणराव प्लॅस्टिकचं गुलाबी मानपत्र घेऊन उभाच होता. "साहेब," दौतराव म्हणाले, "उद्या घरी येऊन लिहून देतो. शब्द आहे माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांच्या दारात हजर झाले. दार वहिनींनी उघडलं, पण वाट नाही सोडली.

"पिशवीत काय आहे?"

"दौत."

"ती बाहेर ठेवा."

"पेन तरी..."

"तेही. आणि तो मोजा कसला? तोही. माझ्या घरात पडदे आहेत, टेबलक्लॉथ आहे, आणि यांना अजून चार शर्ट आहेत. मला ते सगळे हवे आहेत."

साहेब आंघोळीला गेले होते. वहिनींनी दौतरावांना टेलिफोनशेजारी बसवलं. तिथे एक बॉलपेन होतं, दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेलं. टोपण चावलेलं. कागद म्हणून त्यांनी एक पाठकोरा कागद दिला. दौतरावांनी उलटून पाहिला. मागे त्यांच्याच कार्यालयाची सूचना होती: मंगळवारी पाणी येणार नाही.

"वहिनी, यावर? याने?"

"आत पाणी थांबलं बघा. निघतील आता. लिहिताय की बोलावू त्या बटणवाल्याला?"

दौतरावांनी बॉलपेन हातात घेतलं. उंदीर उचलावा तसं. दोरी पुरेना म्हणून वाकून, अर्ध्यावर पेन अडलं तर तळव्यावर घासून, त्यांनी मानपत्र लिहिलं. सही करून पेन ठेवलं, इतक्यात साहेब डोकं पुसत आले, उभ्याउभ्याच वाचलं आणि त्यांचे दोन्ही हात कागदासकट पुन्हा छातीकडे निघाले. दौतराव दचकून मागे सरले. पण साहेबांनी कागद छातीशी धरला, काढला, आणि गंजीफ्रॉक पांढराच्या पांढरा!

त्या मानपत्राची चौकट त्याच आठवड्यात भिंतीवर चढली. पुढे एकदा साहेबांनी मंडळींना चहाला बोलावलं, त्यात दौतरावही होते. साहेबांनी प्रत्येकाचा दंड धरून त्याला चौकटीपुढे उभं केलं.

"बघा! आता कोण लिहितं असं? निबाची लिखावट आहे ही, निबाची! आणि कागद बघा. दौतराव कागद चाखून आणतात, चाखून! काय हो दौतराव, कुठला म्हणालात हा कागद? परदेशी ना?"

सगळे वळून बघायला लागले. दौतरावांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि हसू दाबता दाबता कप किणकिणत होते.

दौतरावांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"वहिनी," ते म्हणाले, "चहात साखर जरा कमी चालेल मला."